एकच सीट

माफ करून टाकावं, मन हलकं होतं, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. कीर्तनकारबुवांनी सांगितलं, सुनेनं सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरनंसुद्धा सांगितलं. मी मान डोलावते आणि घरी येते. माझं मन काही जड झालेलं नाही. मुरली एजंटावरचा राग मी लोणच्यासारखा जपलाय, वर तेलाचा थर ठेवून, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून. इतक्या वर्षांत त्याला बुरशी धरली नाही. उलट मुरलाय. माझ्या आयुष्यात बाकी काय टिकलं, काय नाही, त्याचा हिशेब नको, पण हे टिकलं. म्हणून ते लिहून ठेवते. नातवंडांना वाटतं आजीला उगाच सोनईचं नाव काढलं की ठसका लागतो.

आमचं घर म्हणजे रेल्वेचं फाटक. वांबोरीकडचं एक लहानसं स्टेशन, फक्त पॅसेंजर थांबायची असं, आणि त्या स्टेशनाच्या नगरबाजूला, सोनईकडून येणारा रस्ता रूळ ओलांडतो तिथं अण्णांची चौकी. अण्णा म्हणजे माझे वडील, गेटमन. चौकीला लागून एक खोली, पडवी, पडवीत चूल, मागं एक कडुलिंब आणि आईनं लावलेली शेवग्याची दोन झाडं. स्टेशनातून फोन वाजायचा, अण्णा उठायचे, हँडल फिरवायला लागायचे, आणि त्या दातेरी चाकाचा कर्र कर्र आवाज सुरू झाला की आई तव्यावरची भाकरी हातानं दाबून धरायची. मालगाडी जाताना फळीवरची भांडी एका लयीत वाजत. पाहुण्यांना झोप लागायची नाही. आम्हाला गाडी उशिरा असली की लागायची नाही. हुलग्याचे शेंगोळे रटरटत असले आणि मालगाडी आली तर आई म्हणायची, "थांबा गं, ही बया जाऊ द्या, मंग मीठ बघते." गाडीच्या धडधडाटात जिभेला चव कळत नाही असं तिचं ठाम मत होतं. मी आजही मिक्सर चालू असला की आमटी चाखत नाही.

अण्णा बोलायला कमी. अंगावरचा गणवेश जुना, पण टोपी सरळ. गाडी कोणतीही असो, ते हिरवा बावटा घेऊन उभे राहणारच. आम्हा पोरांना ते बावटे शिवायची परवानगी नव्हती. आई मात्र उलट. तिच्या तोंडाला चाकं होती. भाकरी थापता थापता ती गावातल्या सगळ्या नतद्रष्टांचा उद्धार करायची, आणि प्रत्येक थापेला शिवी अशी बसवायची की भाकरी गोल निघायची. माझा स्वभाव कुणावर गेलाय हे आता वेगळं सांगायला नको.

रोज सकाळच्या पॅसेंजरनं एक नर्सबाई आमच्या स्टेशनावर उतरायच्या आणि फाटकातून चालत पलीकडच्या गावच्या दवाखान्यात जायच्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, उन्हाळा असो नाहीतर हिवाळा, हातात छत्री. त्या आल्या की बैलगाडीवालेही बैल आवरून धरत. एकदा त्यांनी आमच्या माठातलं पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि मला विचारलं, "शाळेत जातेस ना?" बास, एवढंच. त्या दिवसापासून मला ते फाटक तसं ओलांडायचं होतं. रेल्वेवाल्याची पोरगी म्हणून नाही, कुणाची तरी बायको म्हणून नाही, छत्री घेऊन, एकटीनं, कामाला.

बारावीपर्यंतचं कॉलेज आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी सोनईला गऊआत्याकडे राहिले. आत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मारुतीच्या देवळामागं एक पत्र्याची खोली. कपाळ मोठं, चेहरा असा की परक्यानं सोनं सांभाळायला द्यावं. रोज पहाटे उठून ती मला चहा-बटर द्यायची आणि "धान्य निवडाया चाललेय" म्हणून एका आडत्याच्या दुकानाकडे जायची. निदान मला तसंच सांगायची. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजात. त्या काळी पोरींनी स्टँडावर रेंगाळायची रीत नव्हती. गावाला सगळं माहीत असणार. मला कुणी सांगितलं नाही.

आता स्टँडाबद्दल सांगते. सोनईत एसटीचा थांबा होता आणि त्याच्या समोरच जीपगाड्यांचा अड्डा. शिंगणापूर, घोडेगाव, आमचं स्टेशन, सगळीकडे जीपा जायच्या. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या जीपमध्ये कुणी बसत नाही. आधी कोंबडी की आधी अंडं, तसला हा घोळ. त्यावर मुरली एजंटानं तोडगा काढला होता. मुरली म्हणजे अड्ड्याचा मालक नव्हे, पण मालकांचा बाप. पांढरा लेंगा, तोंडात पान, कुणाची जीप कधी लागणार ते तोच ठरवायचा, आणि माणसाला तो माणूस म्हणायचाच नाही, सीट म्हणायचा. तो सकाळीच जीपमध्ये डमी बसवायचा. गाठोडं घेतलेला म्हातारा, दप्तर घेतलेला पोरगा, लेकुरवाळी बाई. जीप भरलेली दिसायची. मग मुरली रस्त्यात उभा राहून एसटीच्या रांगेतली माणसं ओढायचा, "चला चला, निघालीच, एकच सीट!" खरा माणूस आत बसला की एक डमी "च्या पिऊन येतो" म्हणून उतरायचा, आणि पुन्हा एकच सीट. जीपमध्ये शेवटपर्यंत एकच सीट राहायची. डमीला दिवसभराचा चहा-नाश्ता आणि संध्याकाळी मुरलीच्या मर्जीनं काहीतरी हातावर. सगळ्यात चांगली डमी कोणती, तर गाठोडं मांडीवर घेतलेली, शांत चेहऱ्याची वयस्कर बाई. तिला बघून माणूस विचार करत नाही, चढतो.

नगरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पेढे आणले. ड्यूटी सोडून त्यांना येता येणार नव्हतं. त्यांनी सगळा बेत आखला. कागदांवर प्राचार्यांची सही आदल्या दिवशी संध्याकाळी मिळायची होती, म्हणून रात्री सोनईलाच राहायचं, सकाळी स्टेशनावर यायचं, पॅसेंजर पकडायची. "फाटकाच्या अंगाला खिडकीत बस," अण्णा म्हणाले. "मी बावटा घिऊन उभा ऱ्हातो. तुला जाताना बघतो." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. सोनईहून घोडेगावमार्गे नगरला थेट एसटी होती, तीही वेळेत पोचवणारी. पण मला अण्णांच्या फाटकावरून जायचं होतं. इतकी वर्षं आम्ही खालून गाड्या बघितल्या, आज गाडीतून फाटक बघायचं होतं. तरी आई बजावून म्हणाली होती, "जीपचा भरवसा वाटला न्हाई तर गुमान यष्टीत बस. बापाला काय, बावटा दुसऱ्या गाडीला दाखवील."

त्या सकाळी आत्यानं माझ्या हातावर दही-साखर ठेवली, कानशिलांवर बोटं मोडली आणि नेहमीसारखी माझ्या आधी बाहेर पडली. मला जरा वाईट वाटलं. आजच्या दिवशी तरी धान्य राहिलं असतं. मी आईची निळी साडी नेसून, कागदांची पिशवी छातीशी धरून स्टँडावर आले. नगरची एसटी लागलेलीच होती. स्टेशनाची जीप कधी निघेल ते विचारलं, कुणी धड सांगेना, म्हणून आईचं ऐकून मी एसटीच्या पायरीवर पाय ठेवला. एवढ्यात मागून आवाज आला.

"ओ ताई, टेशनला जायचंय ना? यष्टीत कशाला मरता? ही काय निघालीच. एकच सीट!"

मी वळून पाहिलं. जीप गच्च भरलेली, आणि मधल्या बाकावर, मांडीवर गाठोडं घेऊन, गऊआत्या.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, आत्या मला सोडायला स्टेशनावर निघाली. मला न सांगता. धान्य वगैरे सगळी थाप, तिला मला चकित करायचं होतं. मी एसटीची पायरी सोडली आणि धावत जाऊन तिच्या शेजारी बसले. "आत्या, तू?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुरलीकडे पाहिलं. मुरली म्हणाला, "आत्या बी तिकडंच निघाल्यात की. व्हय ना हो, आत्या?" आत्यानं मान हलवली. तेवढ्यात एसटीनं घंटी दिली आणि ती घोडेगावच्या रस्त्याला लागली.

मग जीप काही निघेना. दप्तरवाला पोरगा उतरला, त्याच्या जागी कांद्याचा व्यापारी आला. गाठोडंवाला म्हातारा खोकत उतरला, त्याच्या जागी नवरा-बायको आले. मी आत्याचा हात धरला होता. तो घामानं ओला झाला होता. "आत्या, चुकंल गं गाडी." आत्या खिडकीतून वाकून हळूच म्हणाली, "मुरली, सोड की रं आता. पोरीचं काम हाय." मुरली पान थुंकून म्हणाला, "सोडतो, दोन आली की सोडतो. तुमी नुसतं बसा." तिनं गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. त्या गाठोड्यात काय होतं ते मला तेव्हा दिसलं. माझे जुने परकर आणि वर्तमानपत्राचे बोळे.

शेवटी एक जाडजूड बाई आली आणि मुरलीनं आत्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. आत्या उठली. "तू हो म्होरं, शकू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं जरा ऱ्हायलंय." आणि उतरली. अड्ड्यावर पुढची जीप लागलेली होती. ती त्या जीपमध्ये जाऊन बसली, मधल्या बाकावर, गाठोडं मांडीवर घेऊन. तेव्हा मला समजलं.

ड्रायव्हरनं जीप जीव खाऊन हाणली, ते त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण आम्ही फाटकाशी आलो तर फाटक लागलेलं. पॅसेंजर स्टेशनातून सुटली होती आणि आमच्या डोळ्यांसमोरून धापा टाकत चालली होती. रुळाच्या पलीकडे, डब्यांमधल्या फटींतून तुकड्यातुकड्यानं मला अण्णा दिसत होते. टोपी सरळ. हिरवा बावटा वर. आणि मान अशी वळवत होते, एकेका खिडकीबरोबर, पहिला डबा, दुसरा डबा, आणि हसत होते. अण्णा हसताना मी त्या दिवशी पाहिले. शेवटचा डबा गेला, मध्ये मोकळा रूळ राहिला, आणि पलीकडच्या जीपमध्ये मी.

त्यांनी बावटा गुंडाळला. फाटक उघडलं, कर्र कर्र. बाकीच्या गाड्या जाऊ दिल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "डब्याडब्यात बघत हुतो तुला."

हे वाक्य मी कुणालाच माफ केलेलं नाही. दुपारच्या एसटीनं मी नगरला गेले. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. मुलाखती झाल्या, नावं गेली, आता काही करता येत नाही, पुढच्या वर्षी ये, म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या शाळेला विज्ञानाचीच बारावी लागू लागली आणि माझी कलेची. पुढे मी अंगणवाडीत आयुष्य काढलं. पोरांना डोस पाजले, वजनं केली. गावात लोक मला कौतुकानं "नर्सबाई" म्हणायचे. मी दर वेळी सांगायचे, मी नर्स नाही. त्यांना वाटायचं हिला नम्रपणा आहे.

घरी त्या दिवसांत चूल पेटायची ती शिव्यांवरच. आईनं मुरलीच्या चाकाला खिळे, इंजिनाला आग, दाढेला कीड असं सगळं चिंतलं. आत्याला तर तिनं वाळीतच टाकलं. दर सणाला तिच्याकडे जाणारा शेंगोळ्यांचा डबा बंद. मी अण्णांच्या मागं लागले. मुरलीच्या जीपा दिवसातून कितीदा तरी आमच्याच फाटकातून जायच्या. "अण्णा, त्याची जीप दिसली की फाटक लावा. खोळंबू दे त्याला तासन् तास. फोन आला होता म्हणून सांगा." अण्णा भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "फाटक गाडीसाठी लागतं, शके. मानसासाठी न्हाई." मी ताट सरकवून उठले. मला त्या वेळी नियमानं चालणारा बाप नको होता, मला सूड घेणारा बाप हवा होता. आजही त्यांचं बरोबर होतं हे मला कळतं आणि आजही वाटतं, एकदा, एकदाच लावलं असतं तर काय बिघडलं असतं!

मग एक दिवस आत्या आली. सोनईहून चालत. आईनं तिला पाणी विचारलं नाही. ती कडुलिंबाखाली बसली आणि तिथूनच बोलली, कुणी ऐको न ऐको. "अमुशाला शनवार आलाय. मुरलीनं समद्या गाड्या हितं टेशनवर लावायच्या ठरवल्यात. शिंगनापूरला लई लोक येनार. मला म्हनला, आत्या तुमी पयल्या गाडीत बसा."

"बस की," आई पडवीतून कडाडली. "तुजा धंदाच हाय त्यो. भाचीला गाडलंस, आता परमुलखातल्यांना गाड."

"बसनारच हाय," आत्या म्हणाली. "बाकीचे डमी बी माज्याच गल्लीतले हायेत. बोलून ठिवलंय मी त्यास्नी. फकस्त मुरलीला बोलतं करनारं कुनीतरी पायजे. त्यो आमाला उलटून पडंल." आणि मग माझ्याकडे बघून, "शकू, तू येशील का?"

आई पडवीतून उठली. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. तांब्या आपटूनच ठेवला, पण ठेवला.

शनी अमावास्येला आमचं स्टेशन ओळखू यायचं नाही. एरवी दोन बकऱ्या आणि एक पोर्टर, आणि त्या दिवशी पॅसेंजरच्या दारातून माणसं सांडायची. हातात तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळे कपडे. मराठवाड्याकडची पुष्कळ, काही गुजरातेतलीही. एसटीनं जादा गाड्या सोडल्या होत्या, त्या पलीकडे उभ्या. मुरलीनं इकडे जीपांची रांग लावली होती आणि स्वतःची नवी जीप सगळ्यात पुढं. हो, तोवर त्यानं स्वतःची घेतली होती. बॉनेटला झेंडूचा हार. मधल्या बाकावर आत्या, गाठोडं मांडीवर. "चला शिंगनापूर! निघालीच! एकच सीट!" माणसं चढत होती, चढलेली घाम पुसत होती, आणि डमी चहाला उतरत होते.

मी गर्दीतून पुढं झाले. तीच निळी साडी नेसले होते, मुद्दाम. मुरलीच्या समोर उभी राहिले. मला वाटलं होतं, मला बघून तो दचकेल. त्यानं मला ओळखलंच नाही. "या ताई, एकच सीट," म्हणाला. माझा जन्म बदलून टाकणाऱ्या माणसाला माझं तोंडही आठवत नव्हतं. मी पदर कमरेला खोचला.

"खरंच एकच सीट आहे का?" मी जेवढा मोठा निघेल तेवढा आवाज काढला.

"मंग काय खोटं बोलतो?"

"मी बसले की गाडी निघणार?"

"लगीच!"

"शनिदेवाची आन घ्या."

आजूबाजूची माणसं वळली. शनिवार, अमावास्या, आणि देव काही अंतरावर उघड्यावर उभा. ज्या गावात लोक घराला दार लावत नाहीत ते कशाच्या भरवशावर, हे तिथं आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुरलीनं पान गालात सरकवलं. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं. आणि आजवर कुणी त्याला पकडलं नव्हतं. त्यानं गळ्याला चिमूट लावली. "शनिदेवाची आन. गाडी भरलेली हाय, एकच सीट ऱ्हायलीय."

"मंग आमी कोन रं, मुरली?" आतून आत्याचा आवाज आला.

ती उठली. तिच्या शांत, मोठ्या कपाळाच्या चेहऱ्यानं जीपच्या दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबांनो, मी कुटं जात न्हाई. मी हितं नुसती बसते. लोकास्नी गाडी भरलेली दिसावी म्हनून बसते. हे बगा माजं सामान." आणि तिनं गाठोडं खाली झटकलं. माझे परकर आणि कागदाचे बोळे धुळीत पडले. मागोमाग गाठोडंवाला म्हातारा उतरला. "मी बी." लेकुरवाळी उतरली. दप्तरवाला पोरगा उडी मारून उतरला आणि त्यानं दप्तर उलटं करून दाखवलं, त्यात वीट होती. मागच्या जीपमधूनही माणसं उतरू लागली. त्या भरगच्च रांगेत शेवटी मोजकीच खरी माणसं बसलेली राहिली, आणि तीही एकमेकांकडे संशयानं बघायला लागली, की हा तरी खरा आहे का.

आधी कुणीतरी हसलं. मग एक म्हातारबा पुढं आले, परभणीकडचे असावेत बोलण्यावरून. म्हणाले, "शनीच्या दारात शनीची खोटी आन? आमाला वाटलं साडेसाती तिकडं देवळात उतरवायची, ती तर हितंच भेटली की!" आणि हातातली तेलाची बाटली त्यांनी मुरलीच्या नव्या जीपच्या बॉनेटवर ओतली. मग काय, दुसऱ्यानं ओतली, तिसऱ्यानं रुईची माळ घातली. मुरली "ओ, ओ" करत धावत होता आणि त्याचा पांढरा लेंगा तेलानं माखत होता. माणसं एसटीकडे वळली. पुढची पॅसेंजर आली, तिची माणसंही एसटीकडेच गेली, कारण आईनं प्लॅटफॉर्मच्या दारात उभं राहून एकेकाला किस्सा सांगायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. तिच्या जिभेचा उपयोग त्या दिवशी समाजाला झाला.

दुपारी मुरली रिकामी जीप घेऊन सोनईकडे निघाला. फाटकाशी आला आणि फोन वाजला. अण्णांनी फाटक लावलं. खरोखर गाडी होती, मी शपथेवर सांगते, लांबलचक मालगाडी. मुरली तेलकट स्टिअरिंग धरून बसला होता, समोर अण्णा बावटा धरून उभे. मी अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मालगाडीचा एकेक डबा गेला आणि मी त्या प्रत्येक डब्याबरोबर मुरलीचं तोंड बघितलं. शेवटी अण्णांनी बावटा गुंडाळला. फाटक उघडायला हात घातला आणि थांबले. टोपी काढली, आतला घाम पुसला, टोपी पुन्हा सरळ बसवली. मग हँडल धरलं. तेवढाच त्यांचा सूड. मी त्यावर पुष्कळ वर्षं काढली.

आत्याला त्यानंतर स्टँडावर कुणी बसवलं नाही. ती आमच्याकडेच राहायला आली. आईचं आणि तिचं रोज भांडण व्हायचं, पण शेंगोळे दोघी मिळून वळायच्या. मुरली मात्र संपला नाही. गोष्टीत संपतात तसे असले लोक संपत नाहीत. एक-दोन अमावास्या तो दिसला नाही, मग पुन्हा रस्त्यात उभा. नवी माणसं, नवे डमी.

आता आमचं फाटक उरलेलं नाही. रुळाखालून भुयारी रस्ता काढलाय, पावसाळ्यात त्यात म्हशी पोहतात. साथीच्या वर्षात बंद झालेली पॅसेंजर आमच्या स्टेशनाला पुन्हा काही थांबली नाही. एक्स्प्रेस गाड्या शिट्टी मारत निघून जातात आणि बावटा दाखवायला कुणी नाही. नगरचं नावही बदललं, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.

गेल्या महिन्यात बँकेच्या कामासाठी सोनईला गेले होते. काम आवरून स्टँडावर आले. नगरची एसटी लागत होती. समोर एक मोठी पांढरी गाडी, काळ्या काचा, आत एसी, आणि दारात एक तरुण पान खात ओरडत होता, "चला नगर, निघालीच, एकच सीट!" आवाज ओळखीचा वाटला. त्याचा बाप आत मधल्या सीटवर बसला होता. मुरली. केस पिकलेले, गाल आत गेलेले, मांडीवर पिशवी. मुलानं बापाला डमी बसवलं होतं. गाठोडं घेतलेलं शांत म्हातारं माणूस, ह्याहून चांगलं काही नाही, हे त्याला बापानंच शिकवलं असणार.

एक पोरगी पाठीला सॅक, हातात पारदर्शक फाइल, घाईघाईनं त्या गाडीकडे निघाली होती. मी तिचा दंड धरला. "कशाला चाललीस, बाळा?"

"पेपर आहे, आजी. नगरला."

"मग एसटीत बस. ते आजोबा कुठं जात नाहीत. ते नुसते बसतात." तिनं एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि एसटीकडे पळाली. मुलगा माझ्यावर खेकसला, "ओ आजी, तुमाला बसायचंय का न्हाई? उगं सीट फोडू नका."

"बसायचंय की," मी म्हणाले, आणि चढून मुरलीच्या शेजारी जाऊन बसले.

एसटी गेली. ऊन चढलं. बाकीचे डमी आळीपाळीनं चहा पिऊन येत होते, पण खरं माणूस येत नव्हतं, म्हणून मुरलीला उतरता येत नव्हतं. त्याला लघवीला जायचं असावं, तो सारखा चुळबुळत होता. मुलगा बाहेरून बोटानं खुणावत होता, बसून राहा. मी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि एकेक फोडून सावकाश खाऊ लागले. त्याला दिल्या नाहीत.

बराच वेळ गेल्यावर त्यानंच विचारलं, "नगरला कुनीकडं जायचंय, ताई?"

"मुलाखत आहे," मी म्हणाले. "नर्सिंगच्या शाळेत. अण्णा फाटकावर वाट बघतायत."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच. मग खाली मान घालून पिशवीच्या बंदाची गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली. "निघंल आता गाडी," तो पुटपुटला. "तुमाला उशीर व्हईल."

मी पुढची शेंग फोडली. मला कुठंच जायचं नव्हतं.